टिपणीसकाकांच्या आठ दिशा

टिपणीसकाकांनी मला आयुष्यात पहिल्यांदा रस्ता सांगितला आणि मी हरवले.

लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आले त्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका गल्लीत, आमचं घर, आणि समोरच्या ओट्यावर पायजमा-बंडीतले, पांढऱ्या मिशांचे एक सडसडीत गृहस्थ सकाळपासून बसलेले असायचे. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "ते टिपणीसकाका. काहीही अडलं तर त्यांच्याकडे जा. फक्त रस्ता विचारू नकोस." सासूचं सगळंच ऐकलं तर पुढे जड जातं, असं माझ्या मावशीने मला बजावलेलं. त्यामुळे पिशवी घेऊन खाली उतरले आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

"काका, भाजीला खंडेराव मार्केटात कसं जायचं?"

"इथून पश्चिमेला साठ पावलं. मग दक्षिणेला वळ. पाणपोई आली की नैऋत्य धर, ती मार्केट येईपर्यंत सोडू नकोस."

"म्हणजे आधी डावीकडे का?"

मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं. आत्ताचं तुझं डावं, तू पाठ फिरवलीस की उजवं. असल्या फिरत्या गोष्टीच्या भरवशावर घराबाहेर पडायचं? दिशा कधी फिरत नाही. उत्तर ती उत्तरच."

दीड तासाने एका पानवाल्याच्या कृपेने मी परत आले, तीही पाणीगेटाकडून. म्हणजे मार्केटच्या बरोबर उलट्या बाजूने. पिशवी रिकामी होती आणि साताऱ्याला परत जायचा विचार मनात पक्का होत आला होता. काका ओट्यावरच होते.

"पाणीगेटाला गेलीस? पूर्वेला? अगं, सकाळी मार्केटला जाताना ऊन पाठीवर घ्यायचं. तू डोळ्यांवर घेऊन चाललीस आणि तुला कळलं नाही?"

ते रागावले नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

काका कालवे खात्यात सर्व्हेअर होते. तीस वर्षं उन्हातान्हात साखळ्या ओढून, बांधांवर खुंट्या ठोकून निवृत्त झाले. त्यांचा अभिमान एकच होता आणि तो ते कुणालाही, विचारलं नसलं तरी सांगत. "जन्मात कुणाला रस्ता विचारला नाही." रस्ता विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी हात पसरणं. बडोद्यावर त्यांचं प्रेम होतं तेही याचसाठी. मधोमध मांडवी, तिच्या चार बाजूंना चार दरवाजे, गाव कसं सरळ चार दिशांना मांडलेलं. गच्चीवरून पावागड दिसला की ती ईशान्य, रिफायनरीची ज्योत दिसली की ती वायव्य. मशिदीची मागची भिंत पश्चिमेची, शेवाळलेली भिंत उत्तरेची. "एवढं सगळं लिहून ठेवलंय गावाने," ते म्हणत, "आणि लोक पानवाल्याला विचारतात." हे माझ्याकडे बघून.

घरातही तेच. जेवताना "मीठ जरा पूर्वेला सरकव" म्हणायचे. मालतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मीठ सरकवायच्या आणि चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायच्या नाहीत. एकदा गुडघा दुखतो म्हणून काकू त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. कुठला गुडघा, असं डॉक्टरांनी विचारलं. काका म्हणाले, "उत्तरेकडचा." डॉक्टरांनी त्यांना टेबलावर आडवं केलं, तर तो गुडघा दक्षिणेला गेला. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांना मलम दिलं. घरी येताना काकू म्हणाल्या, "तुमच्या दिशा फिरत नाहीत, पण गुडघे फिरतात हो!" काका त्यानंतर दोन दिवस मीठ सरकवायला सांगत नव्हते, अळणी जेवत होते.

निवृत्त होताना खात्याने त्यांना पितळेचं सुंदर होकायंत्र भेट दिलं होतं. ते काकूंच्या पापडाच्या डब्यावर वजन म्हणून ठेवलेलं असे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याला स्वतःचं मत नाही. शेजारी लोखंडी कपाट ठेवलं की त्याची उत्तर कपाटात. अशी माणसं खात्यात पुष्कळ पाहिली."

पण काकांना खरी प्रतिष्ठा होती ती लग्नात. बडोद्यातल्या मराठी घरांत लग्न निघालं की टिपणीसांना आमंत्रण असेच, आणि भटजी धास्तावत. कारण वधूवरांना ध्रुव दाखवायचा विधी आला की भटजी मांडवाच्या छताकडे, पंख्याकडे, जिकडे हात जाईल तिकडे बोट दाखवून मोकळे होतात. काका हे चालू देत नसत. "थांबा!" म्हणून उठायचे, नवरा-नवरीला गाठ बांधलेल्या उपरण्यासकट बाहेर अंगणात न्यायचे, उत्तरेकडे तोंड करून उभं करायचे आणि हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी आणि वर दोन बोटं मोजायचे. "तिथे."

"काका, पण दुपार आहे," असं एका नवऱ्याने धीर करून म्हटलं होतं.

"दिवसा दिसत नाही म्हणून तो जागा सोडून जातो का? हेच तर शिकायचंय तुला!"

मागे मंगल कार्यालयात पंगत खोळंबलेली असायची. तरीही त्या जोड्यांपैकी कित्येक पुढे मुलंबाळं घेऊन काकांना नमस्काराला येत. आम्ही खऱ्या ध्रुवाकडे बघितलंय, असं कौतुकाने सांगत.

मग पोळात केबल आली. भरतभाई केबलवाल्याने आमच्या शेजारच्या गच्चीवर भलीमोठी डिश बसवली आणि दोन दिवस ती इकडे-तिकडे हलवत राहिला. चित्र काही येईना. खाली प्रत्येक घरातून एकच ओरडा, "नथी आव्युं!" काका या थेरांच्या विरोधात होते. पण तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. ते गच्चीवर गेले, भरतभाईला उपग्रह कुठे आहे ते विचारलं, आणि म्हणाले, "अरे, मग आग्नेय धर ने! तू तर पार दक्षिणेला चाललास." डिश हातभर पूर्वेला सरकली आणि सबंध पोळातून एकदम आवाज उठला, "आव्युं! आव्युं!" काकांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं. सर्व्हेच्या तीस वर्षांत त्यांच्यासाठी असा आरडाओरडा कुणी केला नव्हता.

त्या दिवसापासून डिश ही काकांची लाडकी. स्कूटरवरून सबंध बडोदं फिरून त्यांनी वहीत नोंद केली. गावाच्या टोकाच्या गोरव्यापर्यंतच्या सगळ्या डिशा आग्नेयेला. "सूर्य ढगाआड जातो सूनबाई, डिश जात नाही," ते म्हणाले. ज्याने होकायंत्राला पापडाच्या डब्यावर बसवलं, तो माणूस केबलवाल्याच्या छत्रीवर भाळला.

आता शिरीषबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथे आहे. शिरीष हा काका-काकूंचा एकुलता एक मुलगा. नोकरीसाठी मेलबर्नला गेला आणि तिथेच स्थिरावला. त्याला मुलगी झाली. काकूंकडे नातीचे फोटो येऊ लागले. आधी दुपट्यातली, मग रांगणारी, मग दोन वेण्यांची. दर रविवारी काकू कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये फोनची वाट बघत बसत. शिरीष तिकिटं पाठवायला तयार होता. दोघं या, सहा महिने राहा, म्हणत होता. आणि काका दर वर्षी काहीतरी काढत. यंदा गुडघा आहे. यंदा घराला रंग द्यायचाय. यंदा तुळस नवीन लावलीय, पाणी कोण घालणार? मी समोर राहते, मी घालीन, म्हटलं तर म्हणाले, "तू कुठल्या बाजूने घालशील याचा भरवसा नाही."

एकदा मी वाटीभर खीर द्यायला गेले, तर काका जेवणाच्या टेबलावर लाल भोपळा ठेवून त्याच्याभोवती लिंबू फिरवत होते. मला बघून लिंबू थांबलं.

"हे बघ. हे बडोदं," भोपळ्यावर खडूची खूण होती. "आणि हे खाली, देठाकडे, मेलबर्न. तिथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. सावली दक्षिणेला. सगळं उलटं. आणि ध्रुव..." त्यांनी भोपळ्यावरून हात फिरवला. "ध्रुव दिसतच नाही तिथून. वर्षातला एकही दिवस नाही."

"ज्येष्ठात थोडे दिवस बडोद्यातही सूर्य दुपारी उत्तरेला सरकतो, तुम्हीच सांगता," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "तेव्हा जगताच की."

"ते थोडे दिवस! तिथे सहा महिने म्हणतायत. मालती, मला घरातून बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत जाता यायचं नाही. माणसाने आयुष्यभर जे केलं ते तिथे चालणार नाही. तिथे ध्रुव नाही."

"ध्रुव नाही," काकू म्हणाल्या, "पण नात आहे."

मी खिरीची वाटी खाली ठेवली. इतकी वर्षं मी काकांना हट्टी समजत होते. त्या दिवशी कळलं की ते घाबरलेत, आणि मला त्यांची फार माया वाटली. त्याहून जास्त वाटली काकूंची. नात आजीला आवाजाने ओळखत होती, पण दोघींनी एकमेकींना अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी थंडीत पोळातल्या चार घरांची मिळून पोंक पार्टी ठरली. पोंक म्हणजे आमच्या साताऱ्याकडचा हुरडा. ज्वारीचे कोवळे दाणे भट्टीवर भाजून गरमगरम खायचे, इथे वर लिंबू-मिरीची शेव घालून. माझ्या सासऱ्यांच्या ओळखीच्या एका पटेलांचं शेत करजणजवळ होतं. रविवारी सकाळी मॅटाडोर निघाली. ड्रायव्हर कनुभाई, आणि त्याच्या शेजारी, अर्थातच, काका. पटेलांनी फोनवर सांगितलेलं "वडानंतर डावीकडे, देवळीनंतर उजवीकडे" हे सगळं त्यांनी रात्री बसून शुद्ध दिशांमध्ये लिहून काढलं होतं.

गाडी हायवेला लागली तशी काकू मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाल्या, "पैज लावताय का?"

"कसली?"

"आज कुणालाही न विचारता पोचवलंत, तर मेलबर्नचं नाव पुन्हा काढणार नाही. शिरीषला मीच सांगेन. पण तुम्हाला रस्ता विचारावा लागला, तर पासपोर्टच्या फॉर्मवर सही. फॉर्म या पिशवीत आहे."

काका मागे वळलेसुद्धा नाहीत. "लागली," म्हणाले. आम्ही सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. एवढी मोठी गोष्ट त्यांनी पोंकावर लावली होती.

करजणपर्यंत काही प्रश्न नव्हता. तिथून पश्चिमेला वळलो आणि आभाळ भरून आलं. सावल्या गेल्या. कनुभाईने एका चहाच्या टपरीशी गाडी हळू केली, तर काका गरजले, "थांबायचं नाही!" पहिल्या गावात एका माडीवर डिश दिसली. काकांनी तिच्याकडे बघून बोटांनी हिशेब केला, गाडी बरोबर चाललीय म्हणाले, आणि होती. गाव मागे पडलं. मातीची वाट दोन ठिकाणी फुटली. फाट्यावर एकच बैठं घर, पत्र्याचं छप्पर, आणि छपरावर डिश.

"वाह!" काका म्हणाले. "ही आग्नेय. म्हणजे आपल्याला हा, हा रस्ता."

आम्ही त्या रस्त्याने गेलो. कपाशी लागली, मग तूर लागली, मग एक म्हैस लागली ती हलायला तयार नव्हती. पाऊण तासाने पुन्हा तोच फाटा, तेच घर, तेच छप्पर आलं. कनुभाईने इंजिन बंद केलं. मुलं भूक लागली म्हणून रडायला लागली होती.

डिश मात्र आता भलतीकडे बघत होती.

काका खाली उतरले. आम्ही उतरलो. छपराला शिडी लावून एक म्हातारी बाई वर चढलेली, आणि दोन्ही हातांनी ती डिश फिरवत होती. जवळ गेल्यावर दिसलं, डिश मिरच्यांनी काठोकाठ भरलेली होती.

"माजी," काकांनी वर बोट दाखवलं, "आ डिश..."

"दीकराए केबलनो धंधो छोडी दीधो, त्यारनी पडी छे," माजी म्हणाल्या. "मरचां बहु सरस सुकाय छे एमां. खाली पवन फरे एटले फेरववी पडे, नहीं तो ऊडी जाय."

म्हणजे मुलाने केबलचा धंदा सोडल्यापासून डिश मिरच्या वाळवायला होती, आणि वारा फिरला की ती फिरवायची, मिरच्या उडू नयेत म्हणून. सकाळपासून तिने किती वेळा फिरवली होती देव जाणे. काका त्या मिरच्यांकडे बघत उभे राहिले. खात्याने दिलेलं होकायंत्र घरी पापडाच्या डब्यावर होतं. मला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"तमे तो हमणां ज अहींथी गया हता ने?" माजींनी वरून विचारलं. "कोने त्यां जवुं छे?"

मघाशीच इथून गेलेलो आम्ही कुणाकडे जाणार, हे त्यांना हवं होतं. काकांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. एकदा दूर शेतांकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग मागे काकूंकडे. काकू हसत नव्हत्या. पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या.

"माजी," काका म्हणाले, "पटेलनुं खेतर कई बाजु आव्युं?"

काकांनी रस्ता विचारला आणि घडियाळी पोळाच्या चार घरांनी श्वास सोडला.

"आ डाबी बाजु."

"डाबी म्हणजे कोनी डाबी?" 'डावी' ऐकताच काकांनी सवयीने विचारलं. "तमारी के मारी?"

"लो!" माजींनी मिरच्यांची मूठ कमरेवर टेकवली. "जवुं तमारे छे, तो डाबी तमारी ज ने!"

जायचं काकांना होतं, तर डावी काकांचीच. त्यांनी मॅटाडोरच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली. सही करताना फॉर्मचा वरचा काठ उत्तरेला फिरवून घेतला, तेवढं मी पाहिलं. पाच मिनिटांत आम्ही शेतावर पोचलो. पोंक गार झाला होता. पटेलांनी धुमसणारी भट्टी पुन्हा फुलवून नवीन भाजला, आणि काकूंनी तो दोन वाट्या खाल्ला.

नंतर काका आठवडाभर ओट्यावर बसले नाहीत. काकूंनी एक दिवस बॅग भरता भरता सहज म्हटलं, "डावं-उजवं माणसाबरोबर फिरतं म्हणता ना? मग बरंय. ते तिकडेही येईल आपल्याबरोबर. ध्रुवासारखं इथे राहणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकांचा सराव सुरू झाला. पोळातून "डावं... उजवं... डावं" पुटपुटत चालायचे. ओळखीच्या माणसांना ओळखीचे रस्ते विचारायचे. एका सकाळी मला खालून हाक मारली, "सूनबाई, खंडेराव मार्केटात कसं जायचं गं?"

इतक्या वर्षांचा सूड घ्यायची संधी होती. मी सांगितलं, "डावीकडे साठ पावलं, मग उजवीकडे."

"चूक आहे," काका म्हणाले, "पण आभारी आहे."

पुढे मेलबर्नहून त्यांचं एक पत्र आलं. नात शाळेतून घरी येताना आजोबांना वाट दाखवते, दुपारी सावली दक्षिणेला पडते ती बघून अजून दचकायला होतं, आणि काकू बऱ्या आहेत, बऱ्यापेक्षा बऱ्या आहेत, असं लिहिलं होतं. सहा महिन्यांचं त्यांचं राहणं वाढत गेलं, तोवर आमची बदली सुरतेला झाली. त्यामुळे त्यांचं माझं शेवटचं भेटणं झालं ते बडोद्याच्या स्टेशनावर, त्यांना मुंबईच्या गाडीत बसवून द्यायला गेले तेव्हा.

काकांनी नवा सदरा घातला होता. काकूंनी हातातली पिशवी क्षणभरही सोडली नव्हती. तिच्यात नातीसाठी भाकरवडी होती. गाडीला अवकाश होता, आणि माझ्या मनात कधीपासून एक प्रश्न होता तो मी विचारून घेतला.

"काका, त्या दिवशी पटेलांच्या भट्टीचा धूर वर आला होता. फाट्यावरून मला दिसला. तुम्हाला दिसला नाही?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या सामान मोजत होत्या. "दिसला होता गं," ते हळूच म्हणाले. "पहिल्यांदा डिशने फसवलं, ते खरं. पण दुसऱ्यांदा धूर दिसला होता. पण ती पिशवी धरून उभी होती, बघितलंस ना?"

तेवढ्यात गाडीची घोषणा झाली. गाडी कुठून येते, इंजिन कुठल्या दिशेला, आपला डबा कुठे लागणार, हे काकांना डोळे मिटून सांगता आलं असतं. त्यांनी समोरून जाणाऱ्या हमालाला थांबवलं.

"भाई, एस-सहा कई बाजु आवशे?"

"डाबी बाजु, काका. छेक छेल्ले."

डबा अगदी टोकाला होता. काकांनी बॅग उचलली, दुसऱ्या हाताने काकूंचा हात धरला.

"चल, मालती. डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?" काकूंनी विचारलं.

"आपल्या," काका म्हणाले.